मागच्या खोलीच्या स्लॅबवर पाणी साचतंय : केमिकल, कोबा की पत्रा?

पोहे_जलेबी | १२ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. घर इंदूरला, सुदामा नगरात. मूळ घर सासऱ्यांनी बांधलेलं, खाली-वर दोन मजले. सासूबाईंना जिना चढवेना म्हणून तीन वर्षांपूर्वी मागच्या बाजूला तळमजल्यावर एक खोली काढली, १२ बाय १४ फूट. तिचा स्लॅब म्हणजे आमच्या वरच्या मजल्याची छोटी गच्ची. वरून एक दार तिथे उघडतं.

पहिल्या पावसाळ्यात थोडं पाणी थांबायचं, मिस्त्री म्हणाला, "नवीन आहे, पिऊन घेईल." दुसऱ्या पावसाळ्यात छताला चहाच्या डागासारखा डाग आला. या वर्षी लोणा (पांढरा खार) फुटलाय आणि परवा रात्री सासूबाईंच्या उशीवर पोपडा पडला. त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "आज नशिबाने कुशीवर होते." वर जाऊन पाहिलं तर पाऊस थांबून दोन दिवस झालेले, तरी कावळे मजेत अंघोळ करत होते. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

तिघांना बोलावून दाखवलं. पहिला म्हणतो, वरून कोटिंग मारा, दहा वर्षांची गॅरंटी. दुसरा म्हणतो, आहे त्यावर चार-पाच इंच कोबा टाका, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर. तिसऱ्याने तर वर न जाताच पत्र्याच्या शेडचा भाव सांगितला. कोणाचं ऐकू?

---

मी_आपला_वाचक | १२ जुलै, रात्री १०:०५

पाणी कोणत्या कोपऱ्यात साचतं ते सांगा. ईशान्येला असेल तर काही करू नका, वास्तू उत्तम आहे.

---

पोहे_जलेबी | १२ जुलै, रात्री १०:११

हसू नका, खरंच ईशान्येलाच साचतं! नणंदेने हेच सांगितलं, "ईशान्येला पाणी शुभ असतं, वहिनी." तिला म्हटलं, एक रात्र तू झोप त्या पलंगावर.

---

सियागंजवाला | १३ जुलै, सकाळी ११:२०

ताई, माझं हार्डवेअरचं दुकान आहे, कोटिंगचे डबे मीच विकतो. त्यामुळे हे जरा माझं नुकसान करून सांगतोय. बाजारात सगळ्यात जास्त खपतं ते ॲक्रिलिक, पांढरं किंवा विटकरी, ब्रशने मारायचं. ज्या गच्चीवरून पाणी वाहून जातं तिथे ते चांगलं चालतं. ज्या गच्चीवर दिवसचे दिवस पाणी उभं राहतं तिथे ते फुगतं, मऊ पडतं आणि पापडासारखं सुटतं. डब्याच्या मागे बारीक अक्षरात हे लिहिलेलं असतं, पण डब्याची मागची बाजू कोण वाचतो? पीयू (पॉलीयुरेथेन) जातीचं कोटिंग उभ्या पाण्यात जास्त तग धरतं. डांबरी मेम्ब्रेन, ते गॅसच्या बर्नरने तापवून चिकटवतात ते, तेही धरतं. पण खाली खड्डा असेल तर खड्डा तसाच राहणार आणि तुम्ही फक्त डबक्याला अस्तर लावलं असं होईल.

आणि गॅरंटीचं म्हणाल तर कागदावर "पाणी साचल्यास लागू नाही" असं कुठेतरी असतंच.

---

ओळंबा | १३ जुलै, दुपारी ४:०२

आधी काही विकत घेऊ नका. मी बत्तीस वर्षं बांधकामावर काढली आहेत, आता लोकमान्य नगरात बसून नातवाला सायकल शिकवतो. सियागंजवाल्यांचं म्हणणं सोळा आणे खरं. गळती हे दुसरं दुखणं. पहिलं दुखणं हे की पाणी तिथे थांबतंच का. थांबलेल्या पाण्याला वेळ असतो हो. वाहतं पाणी केसाएवढ्या भेगेवरून निघून जातं, उभं पाणी दोन दिवस तिथे बसून वाट शोधतं.

तुम्हाला गृहपाठ देतो. पुढचा जोराचा पाऊस थांबला की तासाभराने वर जा. पाण्याच्या कडेकडेने खडूने किंवा विटेच्या तुकड्याने रेघ ओढा. मग मुलांची स्टीलची पट्टी घेऊन पाण्यात ठिकठिकाणी उभी धरा आणि खोली मिलिमीटरमध्ये लिहा. पाणी बाहेर जायचं तोंड कुठे आहे, किती इंची आहे, आणि त्याची खालची कड स्लॅबपासून किती वर आहे तेही मोजा. वरच्या मोठ्या गच्चीचं पाणी कुठे पडतं तेही सांगा. पाऊस थांबून ४८ तासांनी पुन्हा पाहा. ४८ तासांनंतरही जे राहतं त्याला साचणं म्हणायचं, त्याआधीचं ते नुसतं ओलं.

तोवर आईंच्या डोक्यावरचं पाणी काढायला एक जुना उपाय. बागेची नळी पूर्ण पाण्याने भरा, दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा, एक टोक डबक्यात सोडा आणि दुसरं कठड्यावरून खाली अंगणात. खालचं टोक डबक्यापेक्षा खाली असलं की आपोआप ओढत राहतं. तोंडाने ओढू नका, त्यात अळ्या आहेत.

आणि पलंग आजच सरकवा. पोपडा पडतोय म्हणजे आतली सळई गंजून फुगत असण्याची शक्यता धरून चालायचं.

---

पोहे_जलेबी | १४ जुलै, रात्री ८:३०

काका, नळी चालली! पहिल्या दोन वेळा हवा शिरली, तिसऱ्यांदा लागली आणि मग अडीच तास जास्वंदीच्या आळ्यात पाणी पडत होतं. सासूबाई खुर्ची घेऊन तेच बघत बसल्या. पलंग सरकवलाय.

---

गवंड्याचा_पोर | १४ जुलै, रात्री ९:१५

मिस्त्रीला शिव्या पडायच्या आत माझंही ऐका. माझे वडील गवंडी, मी पण सुट्ट्यांत त्यांच्या हाताखाली काम केलंय. स्लॅब भरताना घरमालक खाली उभा राहून एकच विचारतो, "लेव्हलमध्ये आहे ना?" त्याला सपाट हवी असते कारण उद्या वर मजला चढवायचा असतो. मग मिस्त्री सपाट भरून देतो, ढाळ नंतर कोब्यात काढू म्हणतो. आणि कोब्याची वेळ येते तेव्हा पैसे फरशी आणि मॉड्युलर किचनमध्ये संपलेले असतात. ताई, तुमच्या स्लॅबवर कोबा झालाच नाही ना?

आमच्याकडचा हिशोब साधा आहे. फुटाला एक सूत. बारा फुटांना बारा सूत, म्हणजे दीड इंच. वडील दीड सूत धरायचे, म्हणायचे, "एक सूत कागदावर, अर्धं माझ्या हाताच्या चुकीला."

---

ओळंबा | १४ जुलै, रात्री ९:५०

वडिलांना नमस्कार सांगा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून फुटाला एक सूत म्हणजे १ ला ९६, ९६ इंचांत एक इंच उतार. पुस्तकातला १ ला १०० तो हाच. दीड सूत म्हणजे १ ला ६४. पुस्तक शिकलेल्यांनी आणि थापी शिकलेल्यांनी एकच आकडा धरलाय, फक्त भाषा वेगळी.

---

टेम्सकाठी | १५ जुलै, पहाटे ३:४०

मी मूळची तिलक नगरची, आता इंग्लंडमध्ये. इकडे घरामागे स्वयंपाकघर वाढवून त्यावर सपाट छप्पर घालायची फारच पद्धत आहे, आणि पाणी साचायची तक्रारही तितकीच. फरक एवढा की छप्पर लाकडी असतं. तुळयांवर पाचरीसारख्या निमुळत्या पट्ट्या ठोकून ढाळ काढतात आणि वर फेल्ट, रबर किंवा फायबरग्लासचा थर येतो. इथल्या मानकात तयार छपराचा ढाळ कमीत कमी १ ला ८० सांगितलाय, पण आराखडा करताना १ ला ४० धरायचा. लाकूड वाकणार, कारागीर चुकणार, हे गृहीत धरून दुप्पट मागायचं म्हणजे हातात निम्मं तरी पडतं. तुमच्या वडिलांचं "अर्धं माझ्या हाताच्या चुकीला" वाचून हेच आठवलं.

---

नियमावर_बोट | १५ जुलै, सकाळी १०:००

मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. ही खोली मागच्या एमओएसमध्ये, म्हणजे नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत, बांधली आहे का? नकाशा मंजूर होता का? आधी ते सांगा, मग ढाळ.

---

पोहे_जलेबी | १५ जुलै, सकाळी १०:२५

मागे पाच फूट सोडलेत, बाजूला उत्तरेकडे चार फुटांची बोळ आहे, तिच्यावर शेजाऱ्यांचं बदामाचं झाड आलंय. नकाशाचं आमचं आम्ही बघू. सध्या पाणी डोक्यावर आहे.

---

मी_आपला_वाचक | १५ जुलै, सकाळी १०:३१

भिया, पाणी एमओएस बघून साचत नाही.

---

पोहे_जलेबी | १९ जुलै, रात्री १०:१०

काल रात्री दणकून पाऊस झाला. आज सकाळी मी आणि मुलगा पट्टी घेऊन वर. मुलाला गणिताच्या वहीत पहिल्यांदा रस आला.

स्लॅब : घराच्या जुन्या भिंतीला लागून १४ फूट (उत्तर-दक्षिण), भिंतीपासून बाहेर १२ फूट. वरच्या मजल्याचं दार दक्षिण टोकाला. तिथे कोरडं. उत्तरेचा जुन्या भिंतीजवळचा कोपरा, म्हणजे आपलं ईशान्य : ३८ मिमी. पाणी जायचं तोंड पश्चिमेच्या कठड्यात मधोमध, तीन इंची पाईप. त्याच्या तोंडाशी : २५ मिमी पाणी, आणि पाणी बरोबर पाईपच्या खालच्या कडेला टेकलेलं. म्हणजे पाईपच स्लॅबपासून एक इंच वर बसवलाय! त्याच्याभोवती सिमेंटचा छान गोल ओटाही करून दिलाय. लेव्हल पाईप (पातळी तपासायची पाण्याची नळी) शेजारच्यांकडून आणून पाहिलं, दाराजवळचा स्लॅब ईशान्य कोपऱ्यापेक्षा ४५ मिमी वर आहे. कोबा नाही, नुसतं सिमेंटचं फिनिश.

वरच्या मोठ्या गच्चीचा मागचा अर्धा भाग, अंदाजे ४५० चौरस फूट, त्याची पन्हळ याच स्लॅबवर पडते. कुठे? ईशान्येला.

---

ओळंबा | २० जुलै, सकाळी ७:१५

शाब्बास, चिरंजीवांना चॉकलेट द्या. तुमचं दुखणं या आकड्यांत सगळं उघडं पडलंय.

३८ मधले २५ मिलिमीटर तुमच्या पाईपचे. कठड्याचं बांधकाम झाल्यावर पाईप आठवला, वीट फोडली, पाईप बसवला, आणि स्लॅब कापावा लागू नये म्हणून तो वर ठेवला. हे मी शंभर ठिकाणी पाहिलंय. उरलेले १३ मिलिमीटर सेंटिंगचे, म्हणजे स्लॅब भरताना खाली दिलेल्या आधाराचे. स्लॅब भरताना त्या कोपऱ्यातली टेकूची बल्ली भरावाच्या मऊ मातीवर उभी असणार, काँक्रीटचा भार आला की अर्धा इंच बसली. खाली पाटा ठेवला असता तर बसली नसती.

आता पाण्याचा हिशोब करा. एक इंच पाऊस ४५० चौरस फुटांवर पडला की हजार लिटरहून जास्त पाणी होतं, आणि ते सगळं तुमच्या छोट्या स्लॅबवर ओतलं जातं. वर स्लॅबचं स्वतःचं १६८ चौरस फुटांचं. एकूण ६१८. ताशी १०० मिमीच्या जोराचा पाऊस धरला तर तीन इंची उभा पाईप साधारण २० चौरस मीटर छत सांभाळतो, म्हणजे २२० चौरस फूट. चार इंची पाईप ४२-४३ चौरस मीटर, म्हणजे ४६० चौरस फूट. तुमच्या तीन इंचीवर जवळजवळ तिप्पट छत लादलंय. आपल्याकडे वर्षाचा पाऊस जेमतेम ३७-३८ इंच, कोकणासमोर काहीच नाही, म्हणून लोक पाईपकडे लक्ष देत नाहीत. पण पाईपला वर्षाशी घेणंदेणं नसतं, त्याचा संबंध त्या वीस मिनिटांशी.

म्हणून पहिलं काम : वरच्या पन्हळीला स्वतःचा चार इंची पाईप लावा आणि थेट जमिनीपर्यंत खाली आणा. या स्लॅबला त्या पाण्याचा थेंबही नको. हे भर पावसाळ्यातही होतं, प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे.

दुसरं रात्री लिहितो. नातू दारात उभा आहे.

---

बडोदेकर_९ | २० जुलै, दुपारी १:३०

काकांचं दुसरं येईपर्यंत माझी कहाणी. आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारच्या जुन्या घरात. आमच्याकडे गच्चीला गुजराती शेजाऱ्यांच्या नादाने सगळे अगाशीच म्हणतात. इथे सर्रास चायना मोझेक करतात, फुटक्या पांढऱ्या चकचकीत फरश्यांचे तुकडे बसवून. ऊन परत फेकतं, उन्हाळ्यात खालची खोली बरीच सुसह्य होते. पण आमच्या मागच्या बांधकामावर आजोबांच्या वेळचा चुन्याचा थर, त्यावर वडिलांनी विटांचा कोबा, त्यावर मी मोझेक. दर वेळी गळलं की आधीचं न काढता वर नवीन. शेवटी स्लॅबच्या मधोमध पोट आलं आणि पाणी पोटात साचायला लागलं. मग सगळं खरवडलं तेव्हा नऊ इंच माल निघाला. तीन दिवस गाढवं लागली होती वाहायला.

---

ओळंबा | २० जुलै, रात्री ९:२०

बडोदेकरांनी माझं अर्धं काम केलं. विटांचा कोबा सरासरी साडेचार इंच धरला तर चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जातो. जिथे माणसं जातात त्या गच्चीसाठी वापराचा भार चौरस मीटरला दीडशे किलो धरायची रीत आहे, आयएस ८७५ या भारतीय मानकात आहे ते. म्हणजे एक जाड कोबा हाच गच्चीवर कायम भरलेल्या जत्रेपेक्षा जड. एकदा तो हिशोबात धरलेला असतो. दुसरा कोणी धरत नाही. स्लॅबला पोट आलं की खड्ड्यात पाणी, पाण्याच्या वजनाने आणखी पोट.

पोहे_जलेबी, तुमच्या दुसऱ्या ठेकेदाराचा "चार-पाच इंच" मला म्हणूनच पटत नाही. शिवाय दाराकडे बघा. उंबरठा स्लॅबपासून किती वर आहे?

---

पोहे_जलेबी | २० जुलै, रात्री ९:३२

तीन इंच.

---

ओळंबा | २० जुलै, रात्री १०:०५

मग झालंच. पाणी पश्चिमेच्या त्याच जुन्या तोंडाकडे न्यायचं ठरवलं तर जुन्या भिंतीच्या कडेला आधी खड्डा भरा, त्यावर बारा फुटांचा बारा सूत ढाळ काढा, त्याखाली कोब्याची किमान दोन इंच जाडी. कोपऱ्यात चार इंच सहज होतात, दाराशी साडेतीन. म्हणजे उंबरठा बुडाला. पाऊस थेट तुमच्या वरच्या खोलीत.

पण स्लॅबकडे नीट पाहा. दारापासून ईशान्य कोपऱ्यापर्यंत चौदा फुटांत ४५ मिलिमीटर उतार आहे. ४५ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ चौदा सूत. फुटाला एक सूत! मिस्त्रीने चुकून का होईना, बरोबर ढाळ दिलाय, फक्त त्याच्या टोकाला पाण्याचं तोंड ठेवायला विसरला. पाण्याला तीन वर्षांपासून तिथेच जायचंय. आपण त्याला ओढून पश्चिमेला नेण्यापेक्षा उत्तरेच्या कठड्यात तोंड पाडायचं.

जुन्या भिंतीला चिकटून मात्र नको. भिंतीपासून दोन फूट सोडून. स्लॅबला भोक नाही पाडायचं, कठड्याला पाडायचं. सहा इंच रुंद चौकोनी तोंड, तळ थेट स्लॅबच्या पातळीला, बाहेर नरसाळं आणि त्याला चार इंची पाईप. उत्तरेची बोळ तुमचीच आहे ना? मग शेजाऱ्याशी भांडण नाही. खालचं टोक पायाजवळ सोडू नका. ते का, ते नंतर.

वर कोबा सगळीकडे दोनच इंच, ढाळ आहे तोच. फक्त जुन्या भिंतीच्या कडेला दीड-दोन फुटांची पट्टी थोडी चढती, म्हणजे पाणी भिंतीपासून दूर सरकेल. तोंडासमोर दीड फूट चौकोनाचा खुर्रा. कोबा तिथे चारी बाजूंनी उतरत स्लॅबला टेकला पाहिजे. खुर्रा म्हणजे पाण्याची ओंजळ. तो नसला की तोंडापाशी हमखास अर्धा इंच राहतं.

---

गवंड्याचा_पोर | २० जुलै, रात्री १०:४०

काकांनी सांगितलं तसं करणार असाल तर मिस्त्रीकडून ठिय्ये, म्हणजे कोब्याच्या उंचीच्या खुणा, आधी लावून घ्या. तोंडाशी एक, दाराशी एक, कोपऱ्यांत एकेक, सूत ताणून मधले. ठिय्ये लागले की बादलीभर पाणी टाकून पाहता येत नाही, पण सूत खोटं बोलत नाही. विटा खंगर घ्या, भाजून काळ्या पडलेल्या, रात्रभर भिजवलेल्या. पिवळ्या कच्च्या विटा स्वतःच पाणी पितात. आधी स्लॅब तारेच्या ब्रशने घासून सिमेंटचा घोळ, मग मसाला, मग विटांचे तुकडे आडवे, मध्ये बोटभर फट. फटी भरल्या की पाणी बांधून तीन दिवस सोडा आणि खाली छताकडे बघत बसा. गळलं तर तेव्हाच कळतं. वरचा थर त्यानंतर. कठड्याच्या कडेला गोला, म्हणजे कोपऱ्यात सिमेंटची गोलाई, करायला विसरू नका, आमचे वडील त्याला वाटा म्हणतात. काटकोनात सिमेंट नेहमी चिरतं.

---

सियागंजवाला | २१ जुलै, सकाळी ११:००

आणि कोबा सुकल्यावर, ढाळ बरोबर आल्यावर, मग माझ्या दुकानात या. तेव्हा ॲक्रिलिकसुद्धा चालेल.

---

पोहे_जलेबी | २३ जुलै, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं, महत्त्वाचं आहे की नाही माहीत नाही. जुनी भिंत आणि नवा स्लॅब यांच्यामध्ये एक फट आहे, सरळ चौदा फूट. मे महिन्यात तिच्यात मी रुपयाचं नाणं घालून पाहिलं होतं, बसलं. आज पोस्टकार्डाचा कोपराही जात नाही. दर वर्षी मिस्त्री सिमेंट भरतो, दर उन्हाळ्यात परत उघडते. छतावरचा डागही त्याच रेषेत जास्त आहे.

---

ओळंबा | २४ जुलै, सकाळी ७:४०

महत्त्वाचं? अहो, हे तर आधी सांगायचं.

ही आपली माळव्याची काळी माती. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया किती खोल?

---

पोहे_जलेबी | २४ जुलै, सकाळी ८:१०

जुन्या घराचा सासरे सांगायचे सहा फूट, खाली मुरूम लागेपर्यंत. नव्या खोलीचा तीन. "एकच तर खोली आहे" म्हणाले.

---

ओळंबा | २४ जुलै, सकाळी ९:३०

जुनं घर मुरमावर उभं आहे, ते हलत नाही. नवी खोली काळ्या मातीवर तरंगते, पावसात वर, उन्हाळ्यात खाली. दोन वेगळ्या चालीची घरं सिमेंटने शिवली तर शिवण दर वर्षी उसवणारच. सिमेंट कडक असतं, त्याला ताण चालत नाही.

ही फट भरायची नाही, झाकायची. फटीच्या आत लवचिक सीलंट, मागे फोमची दोरी घालून, म्हणजे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतं आणि ताणलं जातं. आणि तिच्यावर छत्री : जुन्या भिंतीत कोब्यापासून सहा इंच वर आडवी खाच मारायची, त्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी अडकवायची आणि ती खाली वाकवून फटीवरून पुढे आणायची. पट्टी फक्त जुन्या भिंतीला बांधलेली, नव्या बाजूला मोकळी. खोली खाली-वर होऊ दे, पट्टी खालून सरकेल. दाराच्या जागी उंबरठ्याच्या ग्रॅनाइटची कड पुढे काढून तेच काम करून घ्या, आणि उंबरठा दोन इंच उंचही होईल.

आता कळलं ना, पाईप पायाजवळ का सोडायचा नाही? एका कोपऱ्यात पावसाळाभर पाणी मुरलं की ती माती बाकीच्यांपेक्षा जास्त फुगते आणि खोली तिरपी होते. पाणी लांब न्या, शोषखड्डा करायचा तर घरापासून दूर अंगणाच्या टोकाला.

---

नियमावर_बोट | २४ जुलै, सकाळी १०:१५

आणि ड्रेनेजच्या लाइनीत जोडू नका. पावसाचं पाणी मैल्याच्या लाइनीत सोडलं की जोराच्या पावसात चेंबर उलटं येतं, ते पहिल्यांदा तुमच्याच तळमजल्याच्या बाथरूममध्ये.

---

मी_आपला_वाचक | २४ जुलै, सकाळी १०:२०

नियमावर_बोट यांच्याशी सहमत. ही ऐतिहासिक नोंद समजावी.

---

पोहे_जलेबी | २४ जुलै, दुपारी ३:००

आणि पत्र्याच्या शेडचं काय? नवरा अजून त्याच्याच बाजूने आहे. "एकदाच खर्च, विषय बंद."

---

ओळंबा | २४ जुलै, सायंकाळी ६:३०

पत्रा वाईट नाही. स्लॅब खरोखर कामातून गेला असेल तर शेवटचा उपाय तोच. पण तुमच्याकडे पत्र्यावरून पाणी पडायलाही पन्हळ लागणार, पाईप लागणार, ढाळ लागणार. जे स्लॅबवर करायचंय तेच दहा फूट वर करायचं. शिवाय मे महिन्यातलं वादळ, वरच्या खोलीचा गेलेला उजेड, आणि फट पत्र्याखाली तशीच. तुमच्या यजमानांना सांगा, विषय बंद होत नाही, फक्त दिसेनासा होतो.

---

पोहे_जलेबी | १८ ऑगस्ट, रात्री ९:४५

वरच्या पन्हळीचा पाईप झाला. नवं तोंडही पाडून घेतलं, मिस्त्री तोच, थोडा खजील होता. वीट निघाली तेव्हा पलीकडून पाणी असं सुटलं की त्याच्या मांडीपर्यंत पँट भिजली. दहा मिनिटांत ईशान्य कोरडी. कोबा दिवाळीनंतर, स्लॅब नीट वाळू देऊन. छताचा सैल भाग ठोकून काढला, दोन सळया गंजलेल्या निघाल्या, पण तारेच्या ब्रशने घासल्यावर जाडी शाबूत आहे. एका इंजिनिअरला दाखवून मगच वर मसाला लावू.

---

पोहे_जलेबी | २६ नोव्हेंबर, रात्री ८:१५

कोबा सुरू. ठिय्ये लागले, सूत ताणलंय. मिस्त्री विचारतोय, पश्चिमेचं जुनं भोक बुजवू का?

---

ओळंबा | २६ नोव्हेंबर, रात्री ८:४०

अजिबात नाही! काढा आणि नव्या कोब्याच्या एक इंच वर परत बसवा, उंबरठ्याच्या खालीच राहील. बोळीवर शेजाऱ्यांचं बदामाचं झाड आलंय म्हणालात. त्याचं एक पान बशीएवढं असतं. उत्तरेचं तोंड एखाद्या रात्री तुंबणार, तेव्हा पाणी इथून पडेल आणि खाली धार दिसली की तुम्हाला कळेल की वर जाऊन पान काढायचंय.

तुमच्या मिस्त्रीने तीन वर्षांपूर्वी बसवला होता तो मुळात ओव्हरफ्लोच होता. खरं तोंड बसवायचं तेवढं राहून गेलं.

---

पोहे_जलेबी | ३ जुलै, सकाळी ७:५०

धागा वर काढतेय. रात्रभर पाऊस होता. सहा वाजता वर गेले, खुर्‍यात एक बदामाचं पान आणि त्याखाली चमचाभर पाणी. बाकी गच्ची ओली, पण चप्पल भिजली नाही. फटीवरच्या पट्टीखाली बोट घालून पाहिलं, कोरडं.

कावळे कठड्यावर बसून होते. सासूबाईंनी त्यांच्यासाठी वर मातीचं परळ ठेवायला सांगितलंय. ईशान्येला.